टाचेपर्यंतचा कोट

पनवेलच्या महिला समाजाने भरवलेल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस मिळालं, ही गोष्ट खरी आहे. पहिलं बक्षीस बैलाला मिळालं, हीही खरी आहे. गावात या दोन्ही गोष्टी एकदमच सांगतात आणि हसत सांगतात, म्हणून एकदा माझ्या बाजूने सांगून टाकतो. मी लेखक नाही. तालुका कचेरीत कारकून आहे. मला साधं लिहिता येतं, आणि तेही बहुतेक वेळा 'सविनय सादर' असंच सुरू होतं.

माझी बायको वेणू फाल्गुनात गेली. तिच्याबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण लिहायला बसलो की पुढे सरकत नाही. तिची ट्रंक मी दिवाळीपर्यंत उघडली नव्हती. दिवाळी संपल्यावर शेजारच्या भामावहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, ट्रंक उघडून बघा तरी. लुगड्यांना कसर लागेल. वेणूला वर बसून चैन पडायचं नाही."

वेणूला चैन पडावं म्हणून मी ट्रंक उघडली. वर तिची लुगडी होती. त्याखाली माझं लग्नातलं उपरणं होतं. आणि उपरण्याखाली एक कोरं कापड होतं, घडी न मोडलेलं. निळे आणि पांढरे उभे पट्टे. जाड, चिवट, आणि हाताला जरा राकट. लुगड्याचं ते नक्कीच नव्हतं. चोळीचंही नव्हतं. माझ्या उपरण्याखाली होतं, म्हणजे माझ्यासाठी होतं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

आता कोटाबद्दल सांगायला हवं. मला कोटाची हौस होती. आमच्या लग्नाच्या फोटोत मी कोटात आहे, पण तो कोट माझ्या मावसभावाचा आहे आणि पंगत उठायच्या आत त्याने तो परत नेला होता, कारण त्याला संध्याकाळी दुसऱ्या लग्नाला जायचं होतं. पुढे कचेरीत हेडक्लार्क कोट घालून येत. काळा, कोपरांवर गुळगुळीत झालेला. पण तो घालून ते नुसते खोकले तरी शिपाई पाणी आणून देई. मी खोकलो की शिपाई म्हणे, "आल्याचा रस घ्या." एकदा मी वेणूला म्हटलं होतं, "आपणही एक कोट शिवावा म्हणतो." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शिवा की. पण त्यात राहणार कोण? तुमच्या खांद्यावर तो खुंटीवर टांगल्यासारखा दिसेल." विषय तिथेच संपला. निदान मला तसं वाटलं होतं.

ते कापड हातात घेतल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली. पौषातला रविवार होता. मी दुपारी पालथा झोपलो होतो. माझी कंबर बरीच वर्षं धरत होती आणि माझी गादी मधोमध खचलेली होती, त्यामुळे पालथं झोपलं तरच मला डोळा लागे. टाचेला गुदगुल्या झाल्या म्हणून जाग आली. बघतो तर वेणू माझ्या मानेपासून टाचेपर्यंत विती टाकत होती. "काय चाललंय?" मी विचारलं. "काही नाही. झोपा तुम्ही," ती म्हणाली, आणि मग पाठीवर आडव्या विती टाकल्या. बायका काहीबाही मोजतच असतात, म्हणून मी पुन्हा झोपलो.

आता उलगडा झाला. ती कोटाचं माप घेत होती. मी ट्रंकेशेजारी कापड मांडीवर घेऊन बसलो आणि बऱ्याच महिन्यांनी मला हसू आलं. भामावहिनी दारातच होत्या. त्यांनी कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडून पुन्हा मिटलं.

"वेणूने माझ्या कोटासाठी आणून ठेवलंय," मी म्हणालो.

"हो का," भामावहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण वर्षाच्या आत नवं शिवू नये, भावजी."

हा पहिला अडथळा. मी आमच्या भटजींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की कापड बाईंच्या हयातीत, बाईंच्या हातून घरात आलेलं आहे; म्हणजे शास्त्राने ते जुनंच. दोरा तेवढा नवा. त्याला हरकत नाही. मग त्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, "शिवणार काय म्हणालात?" मी म्हणालो, "कोट." ते म्हणाले, "शुभं भवतु."

बाजारातले वहाब मास्तर माझे सदरे शिवतात. त्यांनी कापड फळीवर पसरलं. पसरता पसरता फळी संपली आणि कापड उरलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "हे कोटाला?"

"कोटाला."

"कापड मजबूत आहे, माशाल्ला. फाटायचं नाही. पण कोटाला एवढं लागत नाही. आणि हे जरा..." त्यांनी टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घातली. "मी म्हणतो, कापायच्या आधी एकदा घरी विचारून—"

एवढं बोलून ते थांबले. गिऱ्हाइकाला घरी विचारून यायला सांगायची त्यांची रोजची सवय. माझ्या घरी विचारायला कोणी नव्हतं, हे त्यांना बोलून झाल्यावर आठवलं. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मलाच त्यांना म्हणावं लागलं, "मास्तर, तिनेच आणलंय. माप घेऊन आणलंय. मानेपासून टाचेपर्यंत."

"टाचेपर्यंत?" वहाब मास्तर म्हणाले.

"टाचेपर्यंत?" दुकानाच्या मागच्या पडद्याआडूनही आवाज आला. हा आवाज मोठा होता आणि त्यात आनंद होता.

तो आवाज त्यांच्या पुतणीचा, गुलशनचा. ती मुंबईला मामाकडे राहून कटिंगचा क्लास पुरा करून आली होती. तिथून आल्यापासून तिने वर्तमानपत्रं कापून कोट, झगे, कुडते यांचे कागदी नमुने केले होते आणि ते पडद्यामागे दोरीवर टांगले होते. पनवेलचं गिऱ्हाईक मात्र 'मागच्या सदऱ्यासारखाच सदरा' यापुढे एक बोट जायला तयार नव्हतं. वहाब मास्तर स्वतः तिला काजं करायला देत आणि म्हणत, "बेटी, नवीन काही काढू नकोस, लोक घाबरतात."

"चाचा, लाँग कोट!" पडदा बोलला. "खालपर्यंत. खाली घेर, वर टाइट. पट्टे उभे, माणूस उंच दिसेल. त्यांना म्हणावं, मुंबईतसुद्धा असा कोणाकडे नाही."

"ते मला खरं वाटतं," वहाब मास्तर हळूच म्हणाले.

मी विचार केला. कोट गुडघ्याच्या वर थांबतो हे मलाही ठाऊक होतं. पण वेणूने टाचेपर्यंत विती टाकल्या होत्या, आणि आयुष्यात तिचं कुठलंही माप चुकलेलं मी बघितलं नव्हतं. तिच्या भाताला कधी पाणी कमी पडलं नाही. मग कोटात ती कशी चुकेल? शिवाय कापडही बरोबर तेवढंच होतं. मी म्हणालो, "टाचेपर्यंतच शिवा. एक बोटही कमी नको."

पडद्यामागे कात्रीचा आवाज इतक्या लवकर सुरू झाला की मला मन बदलायला सवडच मिळाली नाही.

कोट तयार झाला. त्याबद्दल मी प्रामाणिकपणे सांगतो: शिवण फार सुरेख होती. पट्ट्याला पट्टा जुळला होता. कॉलर ताठ होती. बाह्या लांब आणि ऐसपैस होत्या, कारण गुलशनच्या मते हात मोकळे असले की माणूस दिलदार दिसतो. एकच अडचण होती. मी चाललो की कोट माझ्याबरोबर निघायचा, पण मी थांबलो की तो लगेच थांबत नसे. पायऱ्या चढताना मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागे, निऱ्या उचलाव्यात तसा.

मी तो घालून कचेरीत गेलो. अशा वेळी गाव काय करतं ते मला माहीत आहे. आमच्या गावाने एकदा एका माणसाला पिवळ्या बुटांपायी पनवेल सोडायला लावलं होतं. पण मला कोणी काही बोललं नाही. हेडक्लार्कनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "थंडीची चांगली सोय केलीत." शिपाई म्हणाला, "बसायला मऊ असेल, नाही?" आणि हेडक्लार्कनी त्याला ताबडतोब पाणी आणायला पाठवलं. एस.टी. स्टँडवर एका कंडक्टरने माझ्याकडे बघून "मागे जागा आहे, आडवे व्हा" असं म्हटलं, पण तो परगावचा होता. बाकी सगळे माझ्याशी इतके जपून बोलत होते की मला वाटलं, कोटाचा दरारा म्हणतात तो हाच.

आता प्रदर्शन. महिला समाजाने ग्रंथालयाच्या मदतीसाठी शाळेच्या पटांगणात 'नव्या पोशाखांचं प्रदर्शन' ठरवलं होतं. नवशिक्या शिंप्यांनी, शिंपिणींनी आपलं काम माणसांच्या अंगावर घालून मंचावरून चालत न्यायचं आणि मुंबईहून येणाऱ्या एक बाई परीक्षण करणार. गुलशनने हे ऐकलं आणि पडद्यामागून मला निरोप आला की कोट प्रदर्शनात गेला पाहिजे. "तुमच्या अंगावर नाही गेला तर माझं काम कोण बघणार, भाऊसाहेब? मी काजंच करत म्हातारी होईन."

मला मंचावर जाण्याची अजिबात इच्छा नव्हती. पण असंही वाटलं की वेणूने एवढं करून ठेवलं ते काय कचेरीच्या खुर्चीवर घासायला? चार लोकांनी बघावं. नोंदणीसाठी मी धर्मराज मास्तरांकडे गेलो. ते महिला समाजाचे चिटणीस. महिला समाजाला पुरुष चिटणीस का, तर त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि बायकांना कामं होती.

"कुठल्या विभागात नाव घालू?" त्यांनी विचारलं.

"कुठले आहेत?"

"बालक. महिला. दांपत्य."

"मग पुरुष?"

"पुरुष दांपत्यात येतो. नवरा-बायकोने जोडीने चालायचं." मग त्यांच्या लक्षात आलं. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी दौतीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "कमळाकरराव, नियम करताना हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही हो. सुटा पुरुष नटून एकटा मंचावर कशाला येईल?"

"मी येतोय."

"बहिणीला वगैरे घेऊन...?"

"नाही."

त्यांनी बराच विचार केला. कार्यकारिणी बोलवावी लागेल, म्हणाले. मग कार्यकारिणीच्या अध्यक्षीणबाई माहेरी गेल्यात, म्हणाले. शेवटी त्यांना तोड सुचली. "अजून एक विभाग आहे. 'इतर.' त्यात घालू का? त्यात आत्ता एकच नाव आहे."

"कोणाचं?"

"बळीरामचं. म्हणजे बळीराम नुसता धरून चालणार आहे. नाव बैलाचं आहे. सर्जा."

बळीराम हा जवळच्या खेड्यातला शेतकरी. त्याच्या बायकोने, मैनाने, बैलासाठी आरशांची झूल शिवली होती. धर्मराज मास्तर म्हणाले, "मागच्या दाराने न्यायचं आहे बैलाला. तुम्हालाही तेच दार सोयीचं पडेल. पायऱ्या नाहीत तिथे."

माझा मान दुखावला. पण पायऱ्या नाहीत हे ऐकून जरा बरंही वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि सर्जा शाळेच्या मागे उभे होतो. मुलांचे पोशाख झाले, बायकांचे झाले. मग दांपत्यं निघाली. एकेक जोडी आमच्या पुढून जात होती. नवरे अवघडलेले, बायका त्यांच्या कॉलरी ओढून सरळ करत होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं आणि बैलाकडे बघितलं. तो खरोखरच देखणा दिसत होता.

"घाबरू नुको, भाव," बळीराम मला म्हणाला. "आमचा सर्जा सबूर हाय. कोनाला काय करत नाय." मग माझा कोट निरखून म्हणाला, "तुमची पन झूल बरी हाय."

"कोट आहे तो."

"बरं," बळीराम म्हणाला.

'इतर' विभाग एकदमच मंचावर सोडला. मंच म्हणजे बाकं जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, आणि मागून मातीचा उतार केला होता. मी पुढे, सर्जा मागे. मधोमध जायचं, गिरकी घ्यायची, उतरायचं, असं गुलशनने सांगितलं होतं. मधोमध मी नीट गेलो. लोक एकदम गप्प झाले. मी गिरकी घ्यायला गेलो, आणि कोट आला नाही. मागे वळून बघतो तर घेराच्या कडेवर सर्जाचा पुढचा पाय.

"बळीराम," मी हळू आवाजात म्हणालो, "पाय उचलायला सांग."

बळीरामने कासरा हलवला. सर्जाने समोरच्या लोकांकडे बघितलं, त्याला ते आवडले असावेत, आणि त्याने दुसराही पाय आणून कोटावर ठेवला.

"बैलाला फली भरवशाची वाटत नाय," बळीराम कुजबुजला. "तुमचं कापड दनकट हाय, त्यावर त्याला बरं वाटतंय. हलू नुको. हललास तर तो बुजंल."

बैल हलेना, म्हणून मी हललो नाही. ताठ मानेने, दोन्ही हात सरळ ठेवून, समोर बघत उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. शाळेतल्या बाईंनी हार्मोनियमवर तीच चीज पुन्हा सुरुवातीपासून घेतली. कपाळावर घाम आला तो पुसता येईना, कारण हात हलला असता. पुढच्या रांगेत भामावहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्यापलीकडे बुरख्यातली एक मुलगी वहाब मास्तरांचा दंड धरून जागच्या जागी उड्या मारत होती.

शेवटी सर्जाला झुलीच्या आरशात काहीतरी दिसलं आणि तो आपणहून वळला. कोट सुटला. कापड फाटलं नव्हतं. एक टाकाही उसवला नव्हता.

मुंबईच्या परीक्षक बाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, "'इतर' विभागातल्या गृहस्थांच्या उभं राहण्यात जो आत्मविश्वास होता, तो मुंबईतही बघायला मिळत नाही. आणि हा लांब कोट ज्यांनी बेतला, त्यांनी साध्या कापडातून धाडस केलं आहे. कोणी बेतला?" वहाब मास्तर तोंड उघडणार इतक्यात बुरख्यातून आवाज आला, "मी!" टाळ्या पडल्या. मग बाई म्हणाल्या, "परंतु पोशाख आणि पोशाख घालणारा यांचा मेळ पाहता, पहिलं बक्षीस सर्जा."

घरी आलो, कोट खुंटीला लावला. मला समाधान वाटत होतं. दुसरं तर दुसरं. वेणूचं कापड चार लोकांनी बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आला. टंग, टंग. अब्दुल्ला पिंजारी थंडीत येतो, गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरतो आणि माघ संपता संपता पुढे निघून जातो. तो नेमका माझ्या दारात थांबला.

"बाई आहेत का, साहेब? या साली पहिलं काम तुमचं, असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. साहेबांची कंबर धरते म्हणाल्या, एका माणसाची चांगली जाड गादी भरायची. मी म्हटलं, माप घेऊन कापड आणून ठेवा, बाकी माझ्यावर सोडा." त्याने आत नजर टाकली. खुंटीवर कोट होता. "हां, आणलं की त्यांनी कापड! पण हे..." तो पुढे झाला. बाही हातात धरून तो बघत राहिला. "साहेब, ह्याला हात कोणी लावले?"

मी खाली बसलो. पहिल्यांदा त्याला वेणू गेल्याचं सांगितलं. तोही धनुकली बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसला.

आवाज ऐकून भामावहिनी आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गादीचं कापड कोण ओळखणार नाही, भावजी?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच काय ते चादरीखाली कधी बघितलं नाहीत. सगळ्या गावाला दिसत होतं."

"मग बोललं का नाही कोणी?"

"त्या दिवशी ट्रंकेपाशी तुम्ही हसलात ना," भामावहिनी म्हणाल्या. "मी बाहेर जाऊन सगळ्यांना बजावलं, की जो कोणी बोलेल त्याची माझ्याशी गाठ आहे."

मला कोटाची हौस होती हे वेणूच्या लक्षातही नसेल. तांदूळ निवडताना ऐकलेली गोष्ट ती. तिच्या लक्षात माझी कंबर राहिली होती. मी उठून कोट खाली काढला. त्यावर बैलाच्या खुराचे दोन ठसे होते.

"उसवून देतो," अब्दुल्ला म्हणाला. "तुकडे जोडून गादी होईल."

मी पट्ट्याला जुळवलेला पट्टा बघितला. गुलशनने रात्री जागून जुळवला असेल. "उसवू नका," मी म्हणालो. "पुढून शिवून घ्या, गळा आणि खालची बाजू बंद करा, आणि तसाच भरा."

"आणि बाह्या? कापून टाकू?"

"नको."

"मग त्या पण भरू?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "भरा."

दुपारपर्यंत सगळ्या घरात कापूस उडत होता. संध्याकाळी गादी तयार झाली. मानेपासून टाचेपर्यंत बरोबर माझ्या मापाची, एक बोट कमी नाही की जास्त नाही. दोन्ही बाजूंना दोन जाड हात पसरलेले. भामावहिनी बघून म्हणाल्या, "अगबाई," आणि उशी आणायला घरी गेल्या. गुलशनला कळलं तेव्हा तिने पडद्यामागून निरोप पाठवला की कॉलर मोडू नका, मान टेकायला उपयोगी पडेल. पडते.

धर्मराज मास्तर भेटले की अजून विचारतात, "कमळाकरराव, तो कोट परत कधी दिसला नाही अंगावर?"

मी सांगतो, "रोज वापरात आहे."

कंबर आता पुष्कळ बरी आहे. उजवी बाही भिंतीला अडते, म्हणून ती दुमडून ठेवतो. डाव्या बाजूला वेणू अंथरूण घालायची. ती बाही तशीच पसरलेली असते.